तुकड्यांची कादंबरी कशी वाचावी? : ‘सात सक्कं त्रेचाळीस’च्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात प्रयोगशील कादंबरी शिकवताना एक अडचण वारंवार अनुभवास येते. विद्यार्थी कादंबरी वाचून आलेले असतात. काही प्रसंग त्यांना नेमके आठवतात, एखाद्या पात्राविषयी ते आस्थेने बोलतातही. परंतु ‘कादंबरीत काय घडते?’ असे विचारताच वर्ग गप्प होतो. या गप्प होण्यात अपराधीपणाची छटा असते. आपल्याला कादंबरी कळलीच नाही, असा निष्कर्ष प्रत्येकाने मनाशी काढलेला असतो. मग बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतील कथानकाचा सारांश पाठ केला जातो, उत्तरपत्रिकेत तो उतरवला जातो आणि वाचताना जे खरोखर जाणवले होते ते कायमचे बाजूला पडते.

प्रस्तुत लेखक नरखेड तालुक्यातील विद्यार्थ्यांना मराठी साहित्य शिकवतो. संत्र्याच्या बागा, कपाशी आणि बेभरवशाचा पाऊस यांच्या हिशेबात वाढलेली ही मुले आहेत. महानगरी जाणिवेची, मोडलेल्या रचनेची कादंबरी त्यांना परकी वाटणार, असे गृहीत धरून अशा कादंबऱ्या ऐच्छिक वाचनावर ढकलण्याची प्रथा आपल्याकडे आहे. हे गृहीत तपासून पाहावे, हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू अधिक व्यावहारिक आहे. सैलपणे जोडलेल्या तुकड्यांनी बनलेली कादंबरी वाचण्याची काही शिस्त सांगता येते का, याचा येथे शोध घ्यावयाचा आहे. विवेचनासाठी किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) ही कादंबरी मुख्यतः समोर ठेवली आहे. तुलनेसाठी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) आधार घेतला आहे.

लेखाचे प्रतिपाद्य आरंभीच सांगणे सोयीचे होईल. अशा कादंबरीत दोन तुकड्यांमधली मोकळी जागा हाही संहितेचा भाग असतो. ती जागा वाचकाने कार्यकारणभावाने भरून टाकली की कादंबरीतील अनुभवाचे स्वरूपच पालटते. म्हणून सांधे बुजवण्यापूर्वी त्यांचे वर्णन करणे, हे वाचकाचे पहिले काम होय.

२. खंडरचना म्हणजे काय?

‘तुकड्यांची कादंबरी’ ही संज्ञा आपल्याकडे सैलपणे वापरली जाते, म्हणून तिच्या मर्यादा आखून घेतल्या पाहिजेत. कादंबरीत अनेक प्रसंग असणे म्हणजे खंडरचना नव्हे. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये प्रसंग पुष्कळ आहेत, परंतु यमू आपले आयुष्य बालपण, विवाह, वैधव्य अशा क्रमाने सांगते आणि प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाची भूमी तयार करतो. संज्ञाप्रवाही लेखन म्हणजेही खंडरचना नव्हे. तेथे मनातील विचारांचा ओघ अखंड राहतो, तुटतो तो बाह्य काळाचा क्रम. खंडरचनेत एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो तेव्हा त्यांना जोडणारे ‘म्हणून’ किंवा ‘त्यानंतर’ निवेदकाने दिलेले नसते. वाचकाला ते शोधावे लागते, किंवा ते नाहीच हे मान्य करावे लागते.

आपल्या साहित्यशास्त्रीय शिक्षणाचा या ठिकाणी अडथळा होतो. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये पूर्ण कृतीला आदि, मध्य आणि अंत असले पाहिजेत असे सांगितले आणि ज्या कथानकात प्रसंग संभाव्यतेवाचून किंवा आवश्यकतेवाचून एकामागून एक येतात त्याला निकृष्ट ठरवले. त्याचे हे विवेचन मुख्यतः शोकात्म नाटकासंबंधी होते, हे आपण विसरतो आणि अन्वितीची तीच कसोटी कादंबरीला लावतो. वस्तुतः मराठी कादंबरीचा आरंभच सैल रचनेने झाला आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात, वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात आणि या कहाण्यांना प्रवासाखेरीज फारसा कथानकीय धागा नाही. तेथे लेखकाचा सुधारणेचा हेतू सर्व कहाण्यांना एकत्र बांधतो. खंडरचनेच्या आधुनिक कादंबरीत असा जाहीर हेतूही उरत नाही, हा फरक मात्र महत्त्वाचा आहे.

पाश्चात्त्य कादंबरीत या रचनेचे टोकाचे प्रयोग झाले. ‘कोसला’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाली त्याच १९६३ मध्ये हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकाची ‘रायुएला’ ही कादंबरी आली. तिच्यात १५५ प्रकरणे आहेत. पहिली ५६ सरळ वाचून थांबावे, अथवा लेखकाने दिलेल्या क्रमानुसार ७३व्या प्रकरणापासून आरंभ करून मागेपुढे उड्या घेत वाचावे, असे दोन मार्ग लेखक सुचवतो. बी. एस. जॉन्सन या इंग्रज लेखकाने ‘द अनफॉर्च्युनेट्स’ (१९६९) ही कादंबरी २७ सुट्या भागांत, पेटीत घालून प्रसिद्ध केली. पहिला आणि शेवटचा भाग ठरलेला आहे. मधले भाग वाचकाने हवे त्या क्रमाने वाचावेत. एका मित्राच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूच्या आठवणी हा तिचा विषय आहे आणि आठवणी तारीखवार येत नाहीत, हे या पेटीचे समर्थन आहे. मराठीत क्रमाचे असे स्वातंत्र्य वाचकाच्या हाती देणारे प्रयोग रूढ झाले नाहीत. नगरकर व नेमाडे यांच्या कादंबऱ्या बांधीव पुस्तकेच आहेत. त्यामुळे त्यांतील छापील क्रम हा लेखकाचा निर्णय समजून वाचला पाहिजे.

३. परंपरेतील एक आधार

खंडरचना म्हणजे पश्चिमेकडून आलेली वस्तू, हा समज मराठीच्या अभ्यासकाने तरी बाळगू नये. नरखेड तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. मराठी गद्याचा आद्य मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास याच परिसरात सिद्ध झाला. याच रिद्धपुरात अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

‘लीळाचरित्रा’ची रचना रचना म्हणून क्वचितच शिकवली जाते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग आहेत. परंतु प्रत्येक भागाच्या आत सुट्या लीळा आहेत. एखादी लीळा काही ओळींची, एखादी दीर्घ. चक्रधर एका गावी होते, बाइसा तेथे होत्या, महदाइसांनी काही विचारले, स्वामींनी उत्तर दिले आणि लीळा संपली. पुढची लीळा दुसऱ्या प्रश्नाने किंवा दुसऱ्या गावात सुरू होते. आधीच्या लीळेमुळे पुढची घडली, असे म्हणण्याची घाई म्हाइंभट करीत नाहीत. त्यांनी साक्षीदारांना गाठून आठवणी मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि आठवण जशी मिळाली तशी तिची कड राखली. भिन्न सांगणाऱ्यांकडून आलेले भिन्न पाठही परंपरेने जपले. संपूर्ण चरित्राची एकसंध गोष्ट रचण्यापेक्षा प्रत्येक आठवणीचा खरेपणा त्यांना मोलाचा वाटला.

मग या लीळा एकत्र कशाने राहतात? व्यक्ती, स्थळ आणि बोलण्याची लकब यांनी. महानुभावांनी स्थळांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ वेगळी रचली, यावरून स्थळाचे सूत्र त्यांना किती महत्त्वाचे वाटत होते हे दिसते. महदाइसांची चौकस वृत्ती एका लीळेत सांगितलेली नाही; ती अनेक लीळांतून, अंतराअंतराने, वाचकाच्या मनात जमा होते. कथानकाशिवाय व्यक्तिरेखा उभी राहू शकते, हे मराठी वाचकाला सातशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे.

एक सावधगिरी मात्र येथे बाळगली पाहिजे. ‘लीळाचरित्र’ ही कादंबरी नव्हे. तेथील प्रत्येक तुकड्यामागे श्रद्धेचे एक अढळ केंद्र आहे आणि मूळ श्रोत्यांना ते आधीच माहीत होते. आधुनिक खंडरचनेत असे केंद्र गृहीत धरता येत नाही. परंपरा आपल्याला वाचनाची सवय देते. अर्थ मात्र ज्या त्या संहितेतच शोधावा लागतो.

४. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आणि ‘कोसला’

किरण नगरकर (१९४२–२०१९) यांचे मराठी माध्यमातील शिक्षण केवळ पहिल्या काही इयत्तांपुरते होते. तरीही त्यांनी पहिली कादंबरी मराठीत लिहिली; पुढे ‘रावण अँड एडी’ (१९९५) आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ‘ककल्ड’ (१९९७) या कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मौज प्रकाशन गृहाने १९७४ मध्ये प्रकाशित केली. शुभा स्ली यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९८० मध्ये आला.

कुशंक पुरंदरे हा या कादंबरीचा निवेदक. लिहू पाहणारा, व्यवहारात न बसलेला, माणसांच्या आश्रयाने आणि माणसांपासून दूर राहून जगणारा हा महानगरी तरुण आपले आयुष्य क्रमाने सांगत नाही. बालपण, मैत्री, स्त्रियांशी आलेले संबंध, दारिद्र्य, आजार, हिंसा आणि मृत्यू यांचे तुकडे मागेपुढे येतात. काही नावे ओळख करून न देता अवतरतात. आपण त्यांना आधीपासून ओळखतो असे निवेदक समजून चालतो. निवेदन प्रथमपुरुषी असले तरी त्यात एका ‘तू’ला उद्देशून बोलणे वारंवार येते. वाचक क्षणभर स्वतःलाच तो ‘तू’ समजतो आणि मग आपण दुसऱ्याचे खासगी बोलणे ऐकतो आहोत याची त्याला जाणीव होते. या कादंबरीत जवळीक आणि संकोच एकत्र निर्माण होतात, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

शीर्षकाचा विचार येथेच करू. पाढा म्हणणाऱ्या कोणत्याही मुलाला सात सक्कं बेचाळीस हे माहीत असते. शीर्षकात पाढ्याचा ठेका तसाच आहे, उत्तर तेवढे चुकले आहे. तुकड्यांची बेरीज-गुणाकार करून आयुष्याचा हिशेब लागेल, या अपेक्षेची ही थट्टा मानता येईल. उत्तर एकाने जास्त आहे, याकडेही लक्ष द्यावे. सर्व तुकडे मांडून झाल्यावर हिशेबात न बसणारे काहीतरी उरते, असाही अर्थ संभवतो. दोन्ही अर्थ कादंबरीच्या रचनेशी सुसंगत आहेत. परंतु शीर्षक हा पुरावा नव्हे. ते वाचनाला दिशा देते. प्रत्यक्ष पुरावा सांध्यांत मिळवावा लागतो.

‘कोसला’ची स्थिती काहीशी वेगळी आहे. पांडुरंग सांगवीकरचे गाव, पुण्यातील वसतिगृह व महाविद्यालय आणि पुन्हा गाव असा कालक्रम तेथे आहे. सहा भागांच्या या कादंबरीला त्यामुळे कणा आहे. परंतु त्या कण्यावर बसवलेले लेखनप्रकार एकमेकांशी जुळणारे नाहीत. दैनंदिनीच्या नोंदी आहेत, मित्राबरोबर भविष्यकाळातील इतिहाससंशोधकाचा आव आणून आपल्याच काळाची केलेली चिकित्सा आहे, अजिंठ्याचा प्रसंग आहे आणि देवीच्या रोगाने झालेला धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू आहे. या सर्वांना जोडते ती पांडुरंगची बोली. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे त्याचे शब्द आता मराठी वाचकाच्या कानात बसले आहेत. ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा माणूस आपले आयुष्य हे अनेक शक्य आयुष्यांपैकी केवळ एक उदाहरण मानतो, आणि ‘वगैरे’ म्हणणारा यादी पूर्ण करण्यात स्वारस्य ठेवत नाही. रचनेतील सैलपणा असा भाषेच्या लहानशा लकबीतही उतरलेला आहे.

आता सारांशाने काय होते ते पाहू. मार्गदर्शिकेत साधारणपणे असे वाक्य येते की, मनीच्या मृत्यूने पांडुरंग खचला आणि त्यामुळे तो परात्म झाला. वाक्य चुकीचे म्हणता येणार नाही. पण त्यातील ‘त्यामुळे’ कादंबरीतून आलेले नाही. पांडुरंगचे तुटलेपण त्या मृत्यूच्या आधीही आहे आणि मृत्यूनंतरही त्याला कारणाचा आधार मिळत नाही. एका लहान मुलीच्या मरणाला जगाच्या व्यवस्थेत कोणतेही कारण सापडत नाही, हाच त्या प्रसंगाचा आघात आहे. सारांश त्या मरणाला नायकाच्या जडणघडणीतील एक पायरी बनवतो आणि नकळत त्याचे समर्थन करतो. मोकळी जागा बुजवल्याने अनुभव कसा पालटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

५. वाचनाची काही पथ्ये

जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी वाचनक्रियेच्या विवेचनात संहितेतील रिकाम्या जागांना महत्त्व दिले. वाचक या जागांपाशी क्रियाशील होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे विवेचन उपयुक्त आहे. परंतु वर्गात त्याचा अर्थ ‘वाचकाने वाटेल ते भरावे’ असा होण्याचा धोका असतो. म्हणून प्रस्तुत लेखक पुढील क्रमाने वाचन करवून घेतो.

पहिले वाचन छापील क्रमानेच करावे आणि प्रत्येक तुकड्यासाठी चार नोंदी ठेवाव्यात. कोण बोलतो? कोणाला उद्देशून बोलतो? कोणत्या काळात बोलतो? तुकडा कोणत्या वस्तूवर, शब्दावर किंवा कृतीवर संपतो? या नोंदींत अर्थ लिहू नये. अर्थ लवकर लिहिला की पुढचे तुकडे त्या अर्थाच्या सोयीने वाचले जातात.

दुसऱ्या टप्प्यावर सांध्यांचे प्रकार पाहावेत. एका तुकड्याचा शेवट व पुढच्याचा आरंभ यांत एखादा शब्द किंवा वस्तू समान असते का? विनोदी प्रसंगाला लागून क्रूर प्रसंग येतो का? तेच पात्र वेगळ्या वयात दिसते का? ‘मी’चा ‘तू’ कोठे होतो? आणि ज्या ठिकाणी यांपैकी काहीच सापडत नाही, तेथे ‘सांधा नाही’ अशी प्रामाणिक नोंद करता येते का? ही शेवटची नोंद करण्यास विद्यार्थी कचरतात. तिला उत्तर म्हणून मान्यता देणे हे शिक्षकाचे काम आहे.

तिसऱ्या टप्प्यावर पुनरावृत्तींचा माग घ्यावा. ‘कोसला’तील ‘उदाहरणार्थ’ कोणकोणत्या पृष्ठांवर आहे हे मोजण्याने फारसे साधत नाही. परंतु मनीच्या मृत्यूच्या भागात या लकबींचे प्रमाण व काम काय होते, हे विद्यार्थ्याने स्वतः तपासावे. लकब कोठे टिकते आणि कोठे गळते, यावरून निवेदक कोठे स्वतःचा बचाव करतो आणि कोठे तो बचाव संपतो हे कळते. नगरकरांच्या कादंबरीत हेच काम ‘तू’ या संबोधनाच्या आधारे करता येते.

यानंतरच, म्हणजे चौथ्या टप्प्यावर, घटनांचा कालक्रम जुळवावा. कालक्रम जुळवणे निषिद्ध नाही. ते आधी करणे घातक आहे. जुळवलेला क्रम एका बाजूला आणि छापील क्रम दुसऱ्या बाजूला ठेवला की लेखकाचे निर्णय दिसू लागतात. कोणती गोष्ट आधी सांगितली आणि तिचे कारण ठरू शकणारी गोष्ट किती उशिरा आली? कोणती घटना कालक्रमात बसतच नाही? या फरकांतूनच कादंबरीची दृष्टी व्यक्त होते.

शेवटी एक कसोटी लावावी. दोन तुकड्यांची मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावी. अदलाबदलीने काहीतरी बिघडत असेल, तर काय बिघडले ते सांगता आले पाहिजे. ते सांगणे म्हणजेच त्या कादंबरीची अन्विती सांगणे. काहीच बिघडत नसेल, तर दोन शक्यता उरतात. एक तर या क्रमहीनतेलाच कादंबरीत अर्थ आहे, किंवा लेखकाने तुकडे केवळ एकापुढे एक ठेवले आहेत.

६. मोवाडची नोंद

ही पथ्ये पुस्तकी वाटतील. ती वर्गात कशी आली हे सांगणे म्हणून आवश्यक आहे.

नरखेड तालुक्यातील मोवाड हे वर्धा नदीच्या काठचे गाव. ३० जुलै १९९१ रोजी नदीला आलेल्या पुराने हे गाव उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आज वर्गात बसणारी मुले त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मली. परंतु तालुक्यातील घराघरांत त्या दिवसाविषयी बोलले जाते. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ शिकवण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना या पुराविषयी लिहावयास सांगितले. आलेले सर्व निबंध जवळजवळ सारखे होते. मुसळधार पाऊस, नदीचे रौद्र रूप, हाहाकार, मदतकार्य आणि शेवटी निसर्गापुढे मानव हतबल आहे हे तात्पर्य. क्रम बिनचूक होता, पण एकाही निबंधात कोणी विशिष्ट माणूस नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात सूचना बदलली. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते त्याच क्रमाने, त्याच शब्दांत उतरवावे; स्वतः काही जोडू नये; सांगणारा जेथे थांबला तेथे ओळ सोडावी. या वेळी आलेल्या नोंदी एकमेकींसारख्या नव्हत्या. एका नोंदीचा आरंभच दुसऱ्या दिवसापासून होता; पुराचा दिवस तीत कोठेही नव्हता. एकीत घरातील भांड्यांची यादी होती, आणि ती दोनदा सांगितलेली होती. एकीत बोलणे पुरावरून कित्येक वर्षांनंतरच्या एका लग्नावर गेले होते. पुरात गेलेल्या मुलाचे नाव प्रथम आले ते त्या लग्नाच्या पंगतीत कोण कोण नव्हते हे सांगताना.

ही शेवटची नोंद करणाऱ्या विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “सर, आजी जिथं थांबली तिथं मी काय लिहू?” तिच्या मनात निबंधाची सवय होती. थांबण्याच्या जागी ‘आजीला अश्रू अनावर झाले’ असे काही लिहावे, असे तिला वाटत होते. आजी रडली नव्हती. ती उठून चुलीकडे गेली होती. तेवढेच लिहावे, असे ठरले.

या दोन प्रकारच्या लेखनांत खरे कोणते, असा प्रश्न नाही. पाऊस पडला, नदी फुगली, गाव बुडाले, हा कार्यकारणभाव वस्तुस्थिती म्हणून खराच आहे आणि प्रशासनाला, इतिहासकाराला, जलतज्ज्ञाला तोच हवा. परंतु त्या आजीच्या दृष्टीने पुराला कारण असले तरी नातवाच्या जाण्याला कारण नव्हते. तिच्या सांगण्यातील खंड हा तिच्या कथनशैलीचा दोष नव्हता. एकसंध गोष्टीत जे मावत नव्हते ते त्या खंडात होते. त्यानंतर कुशंक पुरंदरेचे निवेदन वर्गात वाचले गेले तेव्हा ‘हा मध्येच दुसरेच का सांगू लागतो?’ हा नेहमीचा प्रश्न तक्रारीच्या सुरात आला नाही. तो कुतूहलाने विचारला गेला. त्याच विद्यार्थिनीने निवेदनातील ‘तू’चा माग सर्वांआधी घेतला. आजी नोंदीत तिच्याशी बोलत होती की गेलेल्या मुलाशी, हा प्रश्न तिला आधीच पडलेला होता.

यावरून कादंबरी आणि मौखिक आठवण यांना एक मानू नये. आजीचे थांबणे घडलेले आहे, नगरकरांनी सोडलेली जागा रचलेली आहे. कुशंकचे तुकडे हे एका जाणत्या लेखकाने निवडलेले, कापलेले आणि मांडलेले आहेत. परंतु दोन्हींसाठी वाचकाकडून अपेक्षित असलेला संयम एकाच जातीचा आहे, आणि तो संयम ग्रामीण विद्यार्थ्याकडे नाही हे आपले गृहीत निराधार आहे.

७. मर्यादा आणि निष्कर्ष

खंडरचनेचा गौरव करताना एक भान राखले पाहिजे. रचना मोडली म्हणजे कादंबरी आपोआप श्रेष्ठ होत नाही. १९६० नंतर प्रस्थापित साचे मोडण्याला जे मोल आले त्यामुळे केवळ क्रम उलटापालटा करून गहनतेचा आभास निर्माण करणारे लेखनही मराठीत झाले. वर दिलेली अदलाबदलीची कसोटी अशा लेखनाला लावून पाहावी. तुकड्यांच्या मधली जागा काही बोलत नसेल, तर ती केवळ कोरी जागा होय आणि तसे म्हणण्यास समीक्षकाने संकोचू नये. दुसरे असे की, प्रत्येक मौनाला अर्थ देण्याचा अट्टहास हाही सारांशाचाच एक सुसंस्कृत प्रकार आहे. काही सांधे खरोखरच लागत नाहीत. ते न लागणे नोंदवून पुढे जावे.

अध्यापनाच्या दृष्टीने या विवेचनाचा निष्कर्ष साधा आहे. अशा कादंबरीवर प्रश्न काढताना ‘कथानक थोडक्यात लिहा’ या प्रश्नाऐवजी ‘अमुक दोन प्रसंग शेजारी ठेवल्याने काय साधते?’ किंवा ‘निवेदक येथे कोणाशी बोलतो आणि ते कशावरून?’ असे प्रश्न विचारता येतील. त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेत मिळणार नाहीत. ती विद्यार्थ्याला पुस्तकातच शोधावी लागतील. उत्तरे लहान येतील, काही अपुरी येतील. परंतु ती त्याने स्वतः वाचून मिळवलेली असतील.

‘कादंबरीत काय घडते?’ या प्रश्नावर गप्प होणारा विद्यार्थी नेहमीच अज्ञानी नसतो. कित्येकदा त्याने कादंबरी नीट वाचलेली असते आणि प्रश्नच तिला लागू पडत नसतो. त्याच्या गप्प होण्याला लगेच अपयश न मानता, तो कोणत्या तुकड्यापाशी थांबला हे त्याला विचारावे. वाचनाचा पाठ तेथून सुरू करता येतो.